शपथ झाली, मग पुढे?

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ परिसरातल्या काही शाळांमध्ये तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलींना शनिवार-रविवारसाठी एक बाहुली घरी न्यायला देत. दिसायला तान्ह्या बाळासारखी, पण पोटात इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. ती कधीही रडायची. जेवणाच्या ताटावर, आंघोळीच्या वेळी, रात्री अडीच वाजता. मग तिला दूध पाजायचं, ढेकर काढायची, लंगोट बदलायचा किंवा नुसतंच थोपटायचं, आणि यातलं नेमकं काय हवंय ते मुलीने ओळखायचं. उचलायला उशीर झाला, मान नीट धरली नाही, तर त्याची नोंद यंत्रात होई आणि सोमवारी शाळेत ती नोंद उघडली जाई. हेतू सरळ होता. दोन रात्रींची झोप उडाली की ‘हे आत्ता नको गं बाई’ असं मुली स्वतःच म्हणतील आणि अल्पवयातली गरोदरपणं कमी होतील.

कल्पना कुणालाही पटावी अशीच. अमेरिकेत जन्मलेली ही बाहुली अनेक देशांत खपली. पर्थच्या संशोधकांनी मात्र खपावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी ५७ शाळा घेतल्या, कुठे बाहुली द्यायची आणि कुठे नेहमीचंच आरोग्यशिक्षण चालू ठेवायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं आणि एकूण २,८३४ मुलींच्या वैद्यकीय नोंदी त्या वीस वर्षांच्या होईपर्यंत तपासल्या. २०१६मध्ये ‘लॅन्सेट’ने निकाल छापला. नेहमीचं शिक्षण मिळालेल्या मुलींपैकी ११ टक्के मुली विशीपर्यंत एकदा तरी गरोदर राहिल्या होत्या. बाहुली मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण होतं १७ टक्के.

म्हणजे उपाय नुसता फसला नव्हता, उलटला होता. का, याचं ठाम उत्तर त्या अभ्यासातून मिळत नाही. बाहुली घेऊन फिरणाऱ्या मुलीचं घरीदारी कौतुक होत असावं, ‘बघा कशी सांभाळते’ म्हणून लोक जमत असावेत, असा तर्क करता येतो. कारण काहीही असो, मोजलं नसतं तर तो कार्यक्रम आजही ‘यशस्वीपणे राबवला’ याच सदरात मोडला असता.

आपल्याकडे हे सदर बरंच मोठं आहे. २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन. त्याच्या आधी ‘वरून पत्र’ येतं. मग प्रभातफेरी, घोषवाक्य स्पर्धा, चित्रकला स्पर्धा, पोलीस ठाण्यातून आलेल्या साहेबांचं मार्गदर्शन, पटांगणात उजवा हात पुढे करून सामूहिक शपथ. फोटो केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप गटावर जातात, अहवाल पोर्टलवर चढतो आणि विषय संपतो. केंद्राचं ‘नशामुक्त भारत अभियान’ १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत सुरू झालं. त्याच्या यशाचा हिशेब मांडताना किती लोकांपर्यंत पोहोचलो आणि कितींनी शपथ घेतली, हेच आकडे पुढे येतात. शपथ घेतलेल्या मुलाने पुढच्या वर्षी काय केलं, हा रकाना त्या तक्त्यात नसतो. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. पत्रात जे विचारलेलं असतं तेच ते कळवतात.

जगात या प्रश्नावर चाळीसेक वर्षं मोजदाद झाली आहे आणि तिची सुरुवात एका प्रचंड लोकप्रिय अपयशापासून होते. १९८३मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स आणि तिथलं शाळा-प्रशासन यांनी मिळून ‘डेअर’ हा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातला पोलीस अधिकारी आठवड्यातून एकदा पाचवी-सहावीच्या वर्गात येणार, सतरा धडे घेणार. अमली पदार्थांचे दुष्परिणाम, ‘नाही’ म्हणण्याच्या तऱ्हा, स्वाभिमान, शेवटी निबंध आणि पदवीदान समारंभ. काळे टीशर्ट, सिंहाचं बोधचिन्ह, तस्करांकडून जप्त केलेल्या गाड्या रंगवून शाळेच्या दारात उभ्या केलेल्या. पोरं खूश, पालक खूश, पोलीस खूश. ऐन भरात अमेरिकेतल्या सुमारे तीन-चतुर्थांश शाळा-जिल्ह्यांत डेअर चालू होता. (याच गेट्ससाहेबांनी १९९०मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितलं होतं की अधूनमधून नशा करणाऱ्यांनाही गोळ्या घालायला हव्यात. प्रतिबंध म्हणजे काय, याविषयीची त्यांची समज यावरून कळावी.)

मग मोजणारे आले. १९९४मध्ये आठ अभ्यास एकत्र करून तपासलं गेलं. मुलांचं ज्ञान वाढलं होतं, पोलिसांविषयीचं मत जरा सुधारलं होतं, पण नशेच्या सवयीत जवळजवळ फरक नव्हता. १९९९मध्ये केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनचा अभ्यास आला. सहावीत डेअर किंवा नेहमीचं आरोग्यशिक्षण घेतलेली हजारेक मुलं दहा वर्षांनी गाठली, तर तंबाखू, दारू, गांजा, कशातच दोन गटांत फरक नाही. २००१मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने या कार्यक्रमाला ‘उपयोग होत नाही’ या यादीत टाकलं. सॉल्ट लेक सिटीच्या महापौरांनी २०००मध्ये आपल्या शहरात तो बंद केला, तेव्हा नाराज झाले ते पालकच. मुलाने समारंभात निबंध वाचलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. त्यापुढे संशोधकाचा तक्ता कोण बघतो? २००९मध्ये डेअरने जुना अभ्यासक्रम सोडून नवा घेतला, ज्यात भाषण कमी आणि निर्णय घेण्याचा सराव जास्त आहे. पण तोवर दोन पिढ्या जुन्या धड्यांवर शिकून बाहेर पडल्या होत्या.

भीती दाखवण्याची गत याहून वाईट. न्यू जर्सीतल्या रॉवे तुरुंगात जन्मठेपेच्या कैद्यांनी सत्तरच्या दशकात एक उपक्रम चालवला. वाट चुकू लागलेल्या पोरांना तुरुंगात आणायचं, त्यांच्या तोंडावर ओरडायचं, आत काय काय घडतं ते शिव्यांसकट ऐकवायचं. त्यावरचा ‘स्केअर्ड स्ट्रेट’ हा माहितीपट १९७८चा. त्याला ऑस्कर मिळालं आणि देशभर नक्कल सुरू झाली. जेम्स फिंकनॉअर नावाच्या प्राध्यापकाने साधा हिशेब केला. तुरुंगात जाऊन आलेल्या ४६ पोरांपैकी १९ जणांनी सहा महिन्यांत पुन्हा गुन्हा केला होता. न गेलेल्या ३५ जणांपैकी फक्त चौघांनी. नमुना छोटा होता, हे खरं. पण पुढे अशा नऊ चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या, तेव्हाही निष्कर्ष तोच निघाला. अशा भेटींनी गुन्हे वाढतात. काहीच केलं नसतं तर मुलांचं अधिक भलं झालं असतं. आपल्या शाळांत कर्करोगाने खाल्लेल्या जबड्यांची चित्रं लावताना हा निष्कर्ष कुणीतरी आठवायला हवा.

भीती का चालत नाही? मोठ्यांचा समज असा असतो की पोरांना धोका कळत नाही. संशोधन सांगतं की कळतो. कित्येकदा ती धोका आहे त्याहून मोठाच समजतात. प्रश्न कळण्याचा नसतो, त्या क्षणी शेजारी कोण उभं आहे याचा असतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायची, पिवळा दिवा लागल्यावर किती पुढे रेटायची ते स्वतः ठरवायचं. एकटी असताना पौगंडातली मुलं आणि प्रौढ यांच्यात फारसं अंतर नव्हतं. मित्र शेजारी बसले की मुलांनी घेतलेले धोके जवळपास दुप्पट झाले. प्रौढांवर मित्रांच्या असण्याचा परिणाम झाला नाही. वर्गात वही उघडून दुष्परिणाम लिहिणारा मुलगा आणि क्लास सुटल्यावर टपरीमागे चौघांत उभा असलेला मुलगा, नाव एकच असलं तरी निर्णय घेण्याची परिस्थिती पार वेगळी.

म्हणून ‘नाही म्हणायला शिकवा’ या सल्ल्यावरही माझा फार भरवसा नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ४० शाळा-जिल्हे, ८,३८८ मुलं, तिसरीपासून दहावीपर्यंत ६५ धडे, तेही दडपणाला तोंड कसं द्यायचं, जाहिराती कशा ओळखायच्या अशा त्या वेळच्या उत्तमोत्तम सूत्रांवर बेतलेले, असा पंधरा वर्षांचा धूम्रपानविरोधी प्रकल्प झाला. डिसेंबर २०००मध्ये निकाल जाहीर झाला. रोज सिगारेट ओढणाऱ्या मुली धडे घेतलेल्यांत २४.४ टक्के, न घेतलेल्यांत २४.७ टक्के. मुलांचंही तेच. इतक्या काटेकोरपणे केलेल्या कामातून इतकं स्वच्छ शून्य क्वचितच निघतं.

मग सगळंच व्यर्थ म्हणायचं का? तसं म्हणणं सोपं आहे आणि चूकही. काही कार्यक्रमांनी वागणं बदललेलं आहे आणि त्यातले बरेचसे आपल्या शाळांशी नातं सांगणारे आहेत.

एक सूत्र विल्यम हॅन्सन आणि जॉन ग्रॅहम यांनी १९९१मध्ये दाखवलं. मुलांना वाटतं त्यापेक्षा व्यसन करणारे समवयस्क फारच थोडे असतात. हा गैरसमज दूर केला की पिण्याचं प्रमाण घटतं. नुसतं नकार देण्याचं तंत्र शिकवून ते तेवढं घटत नाही. आता आपली घोषवाक्यं आठवा. ‘तरुणाई व्यसनाच्या विळख्यात’ हा फलक हातात घेऊन जो मुलगा गावभर फिरतो, त्याला आपण काय सांगतो आहोत? की सगळेच करतात. २०१९च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात १३ ते १५ वयाची ८.५ टक्के शाळकरी मुलं तंबाखू वापरतात. म्हणजे शंभरातली एक्क्याण्णव वापरत नाहीत. हा आकडा मी अजून एकाही फेरीच्या फलकावर पाहिलेला नाही.

दुसरं सूत्र केनियातून आलं. पास्कलिन दुपास या अर्थतज्ज्ञ बाईंनी ३२८ प्राथमिक शाळांत दोन गोष्टी तपासल्या. एका बाजूला सरकारी एड्स-शिक्षण, लग्नापर्यंत संयम पाळा असं सांगणारं. त्यासाठी शिक्षकांना खास प्रशिक्षण. त्याने कोवळ्या वयातली बाळंतपणं कमी झाली नाहीत. दुसऱ्या बाजूला आठवीच्या मुलींना अवघ्या चाळीस मिनिटांत एक ठोस माहिती दिली: वयाने मोठ्या, पैसे आणि भेटी देणाऱ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण बरोबरीच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे. वर्षभरात मुलींची गरोदरपणं २८ टक्क्यांनी घटली. मुलींना उपदेश नको होता. निवड करताना उपयोगी पडेल अशी नेमकी बातमी हवी होती, आणि ती कुणी दिली नव्हती.

भारतातही हे मोजलं गेलं आहे. दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात ‘मैत्री’ नावाचा तंबाखूविरोधी प्रकल्प झाला. वर्गातले तास मुलांमधूनच निवडलेले गटप्रमुख चालवत, भिंतींवर फलक लागत, पालकांना घरी पत्रं जात. दोन वर्षांत नियंत्रण गटातल्या शाळांत तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला. मैत्रीच्या शाळांत १७ टक्क्यांनी कमी झाला. वर्षातल्या एकाच दिवसाची फेरी आणि दोन वर्षं चिकाटीने चाललेलं हे काम, यांना एकाच नावाने ‘जनजागृती’ म्हणणं बरोबर नाही.

बिहारमधल्या एका प्रकल्पाने तर मुलांना हातच लावला नाही. नवी मुंबईची हीलिस सेखसरिया ही संशोधन संस्था आणि हार्वर्डचे अभ्यासक यांनी तिथल्या ७२ सरकारी शाळांत शिक्षकांच्याच तंबाखूवर काम केलं. चर्चा, धोरण, सोडू पाहणाऱ्याला सोबत. नऊ महिन्यांच्या पाठपुराव्यात किमान सहा महिने तंबाखू सोडलेल्या शिक्षकांचं प्रमाण १९ टक्के निघालं. ज्या शाळांत काही केलं नाही तिथे ७ टक्के. फळ्यावर ‘तंबाखूचे दुष्परिणाम’ लिहिणाऱ्या सरांच्या खिशात मळलेली पुडी असते हे वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोराला सर्वांत आधी ठाऊक असतं. त्या अर्थाने हा प्रकल्प योग्य दारावर थाप मारणारा होता.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो नालंदा जिल्ह्यातला ‘सेहर’. गोव्याच्या ‘संगाथ’ या संस्थेने तो केला, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा निकाल मांडला. ७४ सरकारी माध्यमिक शाळा, नववीची तेरा हजारांहून अधिक मुलं. शाळांचे तीन गट पाडले. तिन्हींत सरकारी ‘किशोरावस्था शिक्षण’ होतंच. एका गटात तेवढंच. दुसऱ्या गटात त्याच्या जोडीला सेहरचा कार्यक्रम, तो राबवणारा शाळेतलाच एक शिक्षक. तिसऱ्या गटात तोच कार्यक्रम, तीच पुस्तिका, पण राबवायला बाहेरून नेमलेला एक पदवीधर तरुण किंवा तरुणी, नाव ‘सेहर मित्र’. मानसशास्त्राची पदवी नसलेली, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं.

हा मित्र करायचा काय? शाळेत एक पेटी ठेवायचा, तिच्यात मुलांनी नाव न घालता तक्रार, प्रश्न, मनातलं काहीही लिहून टाकायचं. दरमहा भित्तिपत्रक. परिपाठाच्या वेळी गुंडगिरी, नशा, मैत्री यांवर बोलणं. अभ्यास कसा करायचा याची कार्यशाळा, कारण नववीतल्या मुलाच्या डोक्यावरचं खरं ओझं बहुधा तेच असतं. मुख्याध्यापक, शिक्षक, पालक आणि मुलं यांची एक समिती. आणि कुणाला एकट्याने बोलायचं असेल तर त्याच्यासाठी वेळ. यात क्रांतिकारक असं काही नाही. वर्षअखेर मात्र सेहर मित्र असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं होतं, उदासीनतेची लक्षणं कमी झाली होती, दादागिरी आणि मारामारी घटली होती. दुसऱ्या वर्षी हा परिणाम आणखी ठळक झाला.

आणि शिक्षकाने राबवलेल्या गटात? काहीच फरक नाही.

हा निकाल शिक्षकांवर ताशेरा म्हणून वाचू नये. जनगणना, निवडणूक, पोषण आहार, शालाबाह्य मुलांचं सर्वेक्षण आणि वर दहावीचा निकाल, या सगळ्यातून उरलेल्या वेळात आपण शिक्षकाला ‘मुलांचे मित्र व्हा’ म्हणतो. शिवाय जो माणूस गुण देतो, छडी घेऊन रांगेत उभं करतो, बापाला बोलावून घेतो, त्याच्याजवळ पोरगं मनातलं कसं बोलणार? सेहर मित्राच्या हातात यातलं काहीच नव्हतं. एका शंकेची नोंद इथे करायला हवी: अशा अभ्यासांत मुलं स्वतःबद्दल जे सांगतात तेच मोजलं जातं, आणि कोणतं उत्तर ‘चांगलं’ हे मुलांना लवकर कळतं. पण तसं असतं तर शिक्षकांच्या गटातही आकडे हलले असते. तिथे ते हलले नाहीत.

वयाचा मुद्दाही आपण सोडून देतो. आपले सारे कार्यक्रम आठवी-नववीत. मघाच्या युवा तंबाखू सर्वेक्षणातच दिसलं की कधी ना कधी धूरविरहित तंबाखू वापरलेल्यांपैकी ५२ टक्के मुलांनी, बिडी ओढलेल्यांपैकी ४७ टक्क्यांनी ती दहावा वाढदिवस उजाडण्याआधी तोंडाला लावली होती. घरात आजी मशेरी भाजते, बाप दुकानातून पुडी आणायला पाठवतो, तिथपासून हे सुरू होतं. बाल्टिमोरमध्ये १९८५च्या सुमारास पहिलीच्या वर्गात एक खेळ सुरू झाला. वर्गाचे संघ पाडायचे, ठरलेल्या वेळेत जो संघ कमी गडबड करेल तो जिंकला. व्यसनाचा शब्दही नाही. ही मुलं १९ ते २१ वर्षांची झाली, तेव्हा खेळ खेळलेल्या मुलग्यांमध्ये अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्यांचं प्रमाण इतरांच्या निम्म्यावर होतं.

आइसलँडचं उदाहरण हल्ली सगळीकडे दिलं जातं. १९९८मध्ये तिथली १५-१६ वर्षांची ४२ टक्के मुलं गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगली होती. २०१६मध्ये ५ टक्के. रोज सिगारेट ओढणारी २३वरून ३ टक्क्यांवर. पण ते श्रेय धड्यांचं नाही. रात्री ठरावीक वेळेनंतर मुलांना बाहेर राहायला बंदी, पालकांचे आपसातले करार, खेळ आणि संगीत शिकायला नगरपालिकेचे पैसे, आणि शाळाशाळांत नियमित पाहणी, असा तो सगळा संसार आहे. त्याच काळात युरोपातल्या इतर देशांतही किशोरांचं पिणं कमी झालं, हेही विसरू नये.

महाराष्ट्रात या चर्चेला एक वेगळीच अडचण आहे. २००७मध्ये किशोरवयीन शिक्षणाच्या पुस्तिकांतल्या चित्रांवरून वादळ उठलं आणि ज्या राज्यांनी तो कार्यक्रम थांबवला त्यांत आपलंही राज्य होतं. तेव्हा विधिमंडळात तावातावाने बोललं गेलं ते ‘संस्कृती’बद्दल. हा कार्यक्रम मुलांचं वागणं बदलतो का, हा प्रश्न बाजूने बोलणाऱ्यांनीही नीट मांडला नाही आणि विरोधकांनीही नाही. दुसरीकडे डॉ. राणी बंग यांचं ‘तारुण्यभान’, मुंबई महापालिकेच्या शाळांत स्त्री-पुरुष समानतेवर झालेलं काम, तंबाखूमुक्त शाळांची चळवळ, असे सलग आणि गंभीर प्रयत्नही इथलेच आहेत. आपल्याकडे कमतरता माणसांची नाही.

कायद्याचीही नाही. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला २००३च्या कायद्याने बंदी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू किंवा दारू देणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या कलम ७७खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे. आता कुठल्याही तालुक्याच्या शाळेबाहेरचं चित्र बघा. रस्त्यावर पिवळी रेघ आखलेली, तिच्यावर ‘तंबाखूमुक्त परिसर’. रेघेच्या अलीकडे टपरी. समोर चॉकलेट-गोळ्यांच्या बरण्या, वर वेफर्सच्या माळा, आणि गुटखा मागितला की काउंटरखालून निघणाऱ्या दोन पुड्या, एक सुपारीची आणि एक तंबाखूची, गिऱ्हाइकाने हातावर एकत्र करायच्या. विदर्भात प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घोटलेला खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा. शाळेतली शपथ या टपरीसमोरून रोज दोनदा घरी जाते.

माझं मत आता स्पष्ट सांगतो. वर्षातून एकदा होणारं भाषण, फेरी आणि शपथ यांनी मुलांच्या वागण्यात फरक पडतो असा पुरावा नाही. भीती दाखवणारे कार्यक्रम बंदच करावेत. पैसा आणि वेळ द्यायचा असेल तर तो शाळेत वर्षभर असणाऱ्या, गुण न देणाऱ्या, ऐकून घेणाऱ्या एका माणसाला द्यावा, पहिली-दुसरीच्या वर्गांना द्यावा आणि टपरी हलवायला द्यावा.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांची मुलं-नातवंडं शाळेत आहेत, काहीजण शाळा व्यवस्थापन समितीवर असतील. दिवाळीची सुटी संपल्यावर पहिल्या बैठकीत दोनच प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा: आपल्या शाळेतल्या मुलाला शिक्षक सोडून आणखी कुणाशी बोलता येतं, आणि शाळेच्या फाटकापासून टपरी किती यार्डांवर आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शंभर यार्डांपेक्षा, म्हणजे ९१.४४ मीटरपेक्षा कमी निघालं, तर लेखी तक्रार पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या.